पाद्री कायतानना आणायला

औरंगाबादला जाऊन आलो म्हटलं की लोक लगेच वेरूळ-अजिंठ्याचं विचारतात. मी त्या बाजूला दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा लेणी न पाहता परतलो. पहिल्या खेपेला तर मी कुठंच धड टेकलो नाही. खिशात गोवामुक्तीच्या समितीचं पत्र होतं, शाळेची सुट्टी संपायच्या आत परत यायचं होतं, आणि ज्या माणसाला आणायला निघालो होतो त्याला भेटल्यावर तोंडातून पहिलं वाक्य कोणतं काढायचं, ते गाडीत बसल्यापासून मनात उलटंपालटं करत होतो. हल्ली त्या शहराला छत्रपती संभाजीनगर म्हणतात. मी गेलो तेव्हा औरंगाबाद म्हणत, म्हणून इथं तेच लिहितो.

आधी थोडं घरचं सांगायला हवं. आमचं मूळ गाव पेडण्याकडचं, म्हणजे तेव्हाच्या सरहद्दीच्या पलीकडचं, पोर्तुगिजांच्या ताब्यातलं. नदीपलीकडच्या गावात पाद्री कायतान चर्चचे विगार, म्हणजे मुख्य पाद्री होते. रविवारच्या प्रवचनात ते कोंकणीतून असं काही बोलत की चर्चमध्ये बसलेला पोलीस अस्वस्थ होई, पण नेमकं काय लिहून घ्यावं ते त्याला कळत नसे. हिंदू आणि ख्रिश्चन, दोन्हीकडची तरुण मंडळी त्यांच्याकडे जमत. माझा थोरला भाऊ नारायण, म्हणजे दादा, सावंतवाडीहून गोवामुक्तीची पत्रकं चोरून आणायचा आणि पाद्री ती वेदीखालच्या कपाटात ठेवायचे.

एका शनिवारी पाद्रींना धरलं. सोमवारी पहाटे दादाला धरलं. दादाला आठ वर्षांची सजा होऊन तो आग्वादच्या तुरुंगात गेला. पाद्रींना दोन महिन्यांनी सोडलं, पण गोव्याबाहेर जायच्या अटीवर. त्यांच्या धर्मवरिष्ठांनी त्यांची मिस्सा, म्हणजे वेदीवरची मुख्य उपासना म्हणायची आणि प्रवचन करायची परवानगी काढून घेतली. मी आईला घेऊन सावंतवाडीला आलो आणि तिथल्या शाळेत मास्तर झालो. पाद्री निजामाच्या जुन्या मुलखात कुठल्याशा मिशनच्या आश्रयाला आहेत, एवढंच पुढे कानावर आलं.

चार वर्षांनी समितीला त्यांची आठवण झाली. पोर्तुगीज रेडिओ रोज सांगत होता की हे सगळं हिंदूंचं कारस्थान आहे, आणि गोव्याचे ख्रिश्चन बिचकत होते. बेळगावच्या सभेत व्यासपीठावर एक पाद्री हवा होता, पोर्तुगिजांचा मार खाल्लेला. त्यांना ओळखणारा मीच, म्हणून मला पाठवलं. समितीच्या पत्राखेरीज माझा स्वतःचा एक प्रश्न होता, तो मी कुणाला सांगितला नव्हता. दादाचं नाव पोलिसांना कुणी दिलं?

औरंगाबाद

मे महिना होता. स्टेशनबाहेर पाऊल टाकलं आणि डोळे दिपले. आमच्याकडे ऊन झाडांतून गाळून येतं. इथं ते सरळ डोक्यावर उतरतं. एका टांगेवाल्याने माझ्या हातातली वळकटी स्वतःच उचलून टांग्यात ठेवली आणि विचारलं, "कां जाना जी, मास्टरसाब?" मी मास्तर आहे हे त्याला कसं कळलं, ते मला अजून कळलेलं नाही. छावणीकडे जायचंय म्हटल्यावर म्हणाला, "गिरजाघरकू? चलो." वाटेत त्याने दोन दरवाजे दाखवले, एका मशिदीची गोष्ट सांगितली. मी हं हं करत राहिलो.

मिशनच्या बंगल्यात एक म्हातारे विलायती फादर भेटले. पांढरी दाढी, पायात कोल्हापुरी वहाणा, आणि मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. पत्र त्यांनी मागितलंसुद्धा नाही.

"तुम्ही कायतानला न्यायला आलात," ते म्हणाले. "तो इथं नाही. गंगापूरच्या पुढे, नदीकडच्या बाभूळवाडीत आहे. मी त्याला मिस्सा म्हणायला परवानगी मिळवून दिली, ती फार खटपटीने. अट अशी की त्याने प्रवचन करायचं नाही आणि राजकारणात पडायचं नाही."

"सभा एकच आहे," मी म्हटलं.

"एकच असेल. पण तो व्यासपीठावर चढला की ती परवानगी जाईल आणि मला त्याला परत घेता येणार नाही. माझ्या हातात तेवढंच आहे. तुम्ही तरुण आहात. पाद्र्याला मिस्सा म्हणता आली नाही तर त्याचं काय उरतं, ते त्याला विचारून बघा."

मग आत जाऊन त्यांनी हिवतापाच्या गोळ्यांचं एक पुडकं आणलं. "जाणारच आहात तर एवढं पोचवा," म्हणाले, आणि दाराशी येऊन गंगापूरची मोटार कुठं मिळते ते दोनदा नीट समजावलं. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. त्या रात्री जेवायला गेलो. खानावळीत नान आणि खलिया नावाचा रस्सा होता. शेजारचे लोक बोटं चाटत होते. मी वाडग्याकडे बघत बसलो.

गंगापूरचा रस्ता

सकाळची मोटार मी चुकवली. दोष माझाच. चप्पलेचा अंगठा तुटला म्हणून चांभाराकडे थांबलो, आणि मोटार माझ्यादेखत निघून गेली. दुपारच्या मोटारीने वाळूजवरून गंगापूरला गेलो. आज त्या रस्त्यावर कारखाने आहेत, बजाजनगर आहे. तेव्हा दोन्ही अंगांना बाभळी, काळी उघडी रानं आणि लांबवर एखादं लिंबाचं झाड, बस. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते, आणि त्या भेगांत माणसाचा हात कोपरापर्यंत जातो, हे मी तिथं पहिल्यांदा पाहिलं. लाल मातीत वाढलेल्या माणसाला ती जमीन अनोळखी वाटते.

गंगापूरहून पुढे वाहन नव्हतं. बाजार करून परत निघालेल्या सखाराम नावाच्या शेतकऱ्याने गाडीत घेतलं. पन्नाशीचा, उंच, बोलका माणूस.

"कुठलं म्हणायचं पाव्हणं?"

"सावंतवाडी. मूळचा गोव्याचा."

"म्हंजी आमच्या फादरबाबाकडचे. त्यास्नीबी भात लागतो. इथं कुठला भात आलाय. आता खात्यात भाकर."

अर्ध्या तासात माझं डोकं उन्हाने ठणकायला लागलं. सखारामने न विचारता पिशवीतून कांदा काढला, बुक्कीने फोडला, हुंगायला लावला आणि उरलेला अर्धा माझ्या टोपीखाली ठेवून दिला. अशा थाटात मी मोहिमेवर निघालो होतो.

जरा बरं वाटल्यावर मी सरहद्दीबद्दल बोललो. सखारामने बैलांना हाळी दिली आणि म्हणाला, "आमच्याकडंबी सरहद्द व्हती की. ही म्होरं गंगा हाय ना, तिच्या अल्याड निजाम, पल्याड स्वराज्य." गंगा म्हणजे गोदावरी. तिथं तिला कुणी गोदावरी म्हणत नाही. "रझाकार आले का आमी समदी पोरंबाळं, शेरडं घेऊन पल्याड जायचो. वरीसभर तसंच. मग पोलिस अ‍ॅक्शन झाली. चार-पाच दिसांत समदं आटपलं. आमी नदी उतरून नाचत आलो."

मला एकदम हुरूप आला. आमचंही असंच होणार, आम्हीही असेच नाचत नदी उतरणार, असं मी म्हटलं.

"नाचत आलो, ते खरं," सखाराम म्हणाला. "मग वाईट झालं. रझाकार तर पळाले. गावात ऱ्हायला हुसेन तेली. घाणा चालवायचा. त्याचा कुणाशी काय संबंध नव्हता. बाहेरून माणसं आली, त्यात काही वळखीची व्हती. त्याचं घर जाळलं. त्याला मारला. मी माझ्या दारात उभा व्हतो, मास्तर. अडवलं नाय."

त्याने बैलांचा कासरा सैल सोडला.

"हे फादरबाबास्नी सांगितलं एकदा. ते काय बोलले नायत. दुसऱ्या दिशी मला येऊन इचारलं, हुसेनची बायको कुठं गेली. इतक्या वर्सांत मी इचारलंच नव्हतं. ती कन्नडला भावाकडं व्हती. आता दर वर्साला माझा थोरला तिला जवारीचं पोतं पोचवतो. ती घेते. बोलत नाय, पण घेते."

बाभूळवाडीच्या बाहेर, मिशनची वस्ती सुरू होते तिथं, त्याने गाडी थांबवली. "म्होरं तुम्ही जावा," म्हणाला. का, ते मी विचारलं नाही. वस्तीत पूर्वाश्रमीचे महार होते, आणि फादरबाबांपुढे मन मोकळं करणारा सखारामही त्या वस्तीत गाडी नेत नव्हता.

बाभूळवाडी

पाद्री कायतान मला विहिरीत सापडले. अर्धवट खणलेली, तीन पुरुष खोल विहीर, आणि तळाशी खाकी अर्धी चड्डी, उघडं अंग, डोक्याला पंचा बांधलेला माणूस घमेल्यात दगड भरत होता. वर चार माणसं दोर ओढत होती. पाद्रींनी वर पाहिलं, डोळ्यांवर हात धरला आणि तिथूनच विचारलं, "नारायणाचो भाव मरे तूं?"

चार वर्षांनी, तेही डोक्यावर ओल्या टोपीत कांदा घेऊन आलेल्या मला, त्यांनी वीस फूट खालून ओळखलं. वर आल्यावर विचारलं, "आवय बरी आसा?" आई बरी आहे म्हटलं. मग वाटेतल्या मोटारीबद्दल विचारलं, सावंतवाडीच्या पावसाबद्दल विचारलं. दादाबद्दल एक शब्द विचारला नाही. माझ्या ते ध्यानात आलं. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकडी झाली होती, तेही ध्यानात आलं.

त्यांचं जेवण मार्थाबाई करायच्या. साठीच्या, खणखणीत आवाजाच्या. आल्याआल्या त्यांनी मला गूळ आणि पाणी दिलं. आमच्याकडेही पाहुण्याला गूळ-पाणी देतात, पण इथं पाणी अर्धाच पेला होतं. मी ते घटाघट पिऊन आणखी मागितलं आणि मागितल्यावर लाज वाटली, कारण मार्थाबाईंनी रांजणात तांब्या घातला तो खडखडला.

"गावच्या इहिरीवर आमाला चढू देत नायत," त्यांनी सांगितलं. तक्रार करावी तसं नाही, ऊन आहे म्हणावं तसं. "कुणी वतलं तर घ्यायचं. पोलिस अ‍ॅक्शन झाली, निजाम गेला, मग म्हनले मुंबई सरकार आलं. इहीर हाय तिथंच हाय. म्हनून फादरबाबानं हे काढलं."

संध्याकाळी ज्वारीची भाकरी, येसराची, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची आमटी आणि ठेचा. मी भाकरी दोन्ही हातांनी तोडायला गेलो तसे पाद्री हसले. म्हणाले, "एका हाताने मोड. मला शिकायला महिना लागला." ठेच्याने डोळ्यांतून पाणी आलं. पाद्री तो निवांत खात होते. आमच्याकडच्या बांगड्याच्या हुमणाची आठवण दोघांनाही आली असणार, पण काढली कुणीच नाही. गोळ्यांचं पुडकं दिलं होतं, पत्र मी अजून दिलं नव्हतं. ते म्हणाले, "उद्या रविवार. मिस्सा झाल्यावर बोलू." म्हणजे मी कशाला आलो ते त्यांना माहीत होतं.

रविवार

पत्र्याची एक शेड, तेच चर्च. साठ-सत्तर माणसं जमिनीवर बसलेली. झगा घातलेले पाद्री मला पुन्हा ओळखीचे वाटले. लॅटिनमधून मिस्सा सुरू झाली. प्रवचनाची वेळ आली तसे ते बाजूच्या स्टुलावर जाऊन बसले आणि गावातल्या उपदेशकाने उठून शुभवर्तमान वाचून काहीतरी सांगितलं. तो चांगला बोलत होता, पण मी पाद्रींकडेच बघत होतो. ज्यांच्या प्रवचनाला आमच्याकडे नदी ओलांडून माणसं यायची, ते हात मांडीवर ठेवून, खाली मान घालून बसले होते.

नंतर मार्थाबाई मला हळूच म्हणाल्या, "फादरबाबास्नी मराठी नीट येत नाय ना, म्हनून बोलत नायत. मन मोठं हाय, पर जीभ चालत नाय त्यांची."

खरं कारण मी त्यांना सांगितलं नाही.

मिस्सेनंतर आम्ही दोघं लिंबाखाली बसलो. बोलणं कोंकणीतून झालं, इथं मराठीत देतो. पाद्रींनी समितीचं पत्र वाचलं, घडी घातली.

"हे समितीचं झालं. तुझं काय, वसंत?"

इतके दिवस घोळवलेलं वाक्य ऐनवेळी आठवलंच नाही. नुसतं विचारलं, "दादाचं नाव त्यांना कुणी सांगितलं?"

"मी," ते म्हणाले.

मला वाटलं होतं, ते नाकारतील. मग मी चिडेन, आणि त्या चिडण्यात सगळं सोपं होईल. ते तर माझ्याकडे सरळ बघत होते.

"पहिला दिवस मला मारलं. ते सोसत होतो. रविवारी संध्याकाळी त्यांनी पेद्रूला आणलं. चर्चची घंटा वाजवायचा तो म्हातारा, आठवतो तुला? त्याला काही माहीत नव्हतं, म्हणून तो काही सांगूही शकत नव्हता. त्याच्या तळव्यांवर मारत होते आणि मला विचारत होते, पत्रकं कोण आणतो. पेद्रूची शुद्ध गेली. पाणी मारून पुन्हा उठवला. मला आठवलं, शुक्रवारीच मी नारायणाला चिठ्ठी पाठवली आहे, आजच सरहद्द ओलांड. दोन रात्री मध्ये गेल्या. तो पलीकडे पोचला असणार. पोचलेल्या माणसाचं नाव घेतलं तर त्याचं काही बिघडत नाही. म्हणून मी नारायणाचं नाव घेतलं. त्यांनी पेद्रूला सोडलं. पण नारायण गेला नव्हता. का गेला नाही, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही."

आता जे लिहितो ते मी त्या दिवसापर्यंत कुणालाही सांगितलं नव्हतं. चिठ्ठी आमच्या घरी आली होती. शुक्रवारी संध्याकाळी पाव विकायला येणाऱ्या पदेराने ती पावाबरोबर माझ्या हातात दिली. ‘नारायणाने आजच जावे.’ शनिवारी आमच्या देवळात दशावतार होता आणि मला पहिल्यांदाच अभिमन्यूचा वेष मिळाला होता. दादा गेला असता तर घरात रडारड झाली असती आणि आईने मला देवळात पाठवलं नसतं. एक दिवसाने काय होतंय, असं म्हणून मी चिठ्ठी खिशात ठेवली. शनिवारी रात्रभर वेष केला. रविवारी दिवसभर झोपलो. पाद्रींना धरल्याचं उठल्यावर कळलं, तेव्हा धावत जाऊन चिठ्ठी दादाला दिली. चिठ्ठीवर वार नव्हता, आणि ती कधी आली ते मी सांगितलं नाही. तो म्हणाला, "पहाटे निघतो." पहाटेच्या आधी पोलीस आले. तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो, काही लहान नव्हतो.

हे सगळं मी पाद्रींना सांगितलं. मला वाटलं, आता क्षमा करतील, त्यांचं कामच ते. किंवा उठून जातील.

त्यांनी विचारलं, "वेष कसा झाला?"

"चांगला झाला," मी म्हटलं, आणि मग मला रडू आवरेना.

ते तसेच बसून राहिले. माझं रडणं संपल्यावर म्हणाले, "मी बेळगावला येईन. पण मी नाव घेतलं, हे तिथं सांगेन. समितीला तसा पाद्री चालतो का बघ. तुझं मी सांगणार नाही. ते तुझं आहे."

मी त्यांना विलायती फादर काय म्हणाले ते सांगितलं. मिस्सा जाईल. ते म्हणाले, "माहीत आहे." त्यांचा आवाज तेव्हा पहिल्यांदा हलला.

मार्थाबाईंना कळलं तशा त्या चुलीपासून उठून आल्या. "आनि इहिरीचं काय? निम्मी टाकून चालले व्हय? गोव्याचं राज्य आनायचं ते आना, पर आधी आमचं पानी लावून द्या."

आम्ही आणखी दोन दिवस राहिलो. मीही विहिरीत उतरलो. आयुष्यात खडू धरलेला माणूस मी. पहिल्या दिवशीच हाताला फोड आले. दुसऱ्या दिवशी तळाशी माती ओलसर लागली. सगळे ओरडले, पण ओलच ती, झरा नव्हता. पाद्री म्हणाले, "परत येतो." मार्थाबाईंचा त्यावर विश्वास बसलेला दिसला नाही. तरी त्यांनी वाटेसाठी भाकऱ्या बांधून दिल्या.

परतीची वाट

औरंगाबादला विलायती फादरांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि दोन खुर्च्या पुढे ओढल्या. पाद्री म्हणाले, "मी जातो आहे." म्हातारे म्हणाले, "मी तुला परवानगी देत नाही. आणि अडवतही नाही. उद्या सकाळी वेदीवर तू उभा राहा. मी तुझ्या मिस्सेला सेवक होईन." दुसऱ्या दिवशी त्या रिकाम्या चर्चमध्ये पाद्री कायतान यांनी त्यांच्या हक्काची शेवटची मिस्सा म्हटली. ऐंशीच्या घरातले ते फादर गुडघ्यांवर बसून एखाद्या पोरासारखी उत्तरं देत होते. मी मागच्या बाकावर होतो. मला त्यातला एक शब्द समजला नाही, पण तिथून उठावंसं वाटलं नाही.

बेळगावची सभा मोठी झाली. पाद्री झगा न घालता, साध्या सदऱ्यात व्यासपीठावर गेले. दहा मिनिटं कोंकणीतून बोलले. तुरुंगाचं सांगितलं, पेद्रूचं सांगितलं, आणि मग शांतपणे म्हणाले की मी एका सोबत्याचं नाव दिलं आणि तो आज आग्वादमध्ये आहे. समितीचे अध्यक्ष माझ्याकडे बघत होते, मी काहीतरी करावं म्हणून. मी त्यांच्या शेजारच्याच खुर्चीवर होतो. उठून माझं सांगायची वेळ तीच होती. मी उठलो नाही.

पुढच्या आठवड्यात पोर्तुगीज रेडिओने पाद्रींना त्यांच्याच तोंडून फितूर ठरवलं. समितीत माझ्यावर आग पाखडली गेली. पण सभेच्या दुसऱ्या दिवशी बेळगावात राहणारे काही गोवेकर ख्रिश्चन समितीच्या कचेरीत आपणहून आले. त्यातला एक म्हातारा खलाशी म्हणाला, "इतके दिवस सगळे शूर लोकच बोलत होते. आम्हाला वाटायचं, हे आपलं काम नव्हे."

पाद्री या सगळ्याच्या आधीच बाभूळवाडीला निघून गेले होते. झगा नाही, मिस्सा नाही. मार्थाबाईंच्या ओसरीवर राहिले. पावसाळ्याआधी विहिरीला पाणी लागल्याचं कार्ड त्यांनी मला पाठवलं. त्यात दुसरं काही लिहिलं नव्हतं.

पुन्हा बाभूळवाडी

गोवा मोकळा झाला आणि दादा सुटून आला. सव्वासहा वर्षं काढली होती त्याने. गुडघे गेले होते. आई त्याला रोज दोनदा भात वाढून समोर बसायची. तिसऱ्या दिवशी जेवताना मी त्याला चिठ्ठीचं सांगितलं. शुक्रवार, अभिमन्यू, सगळं. त्याने घास खाली ठेवला, हात धुतला आणि उठून गेला. त्यानंतर दोन महिने तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. आईला काय झालं ते कळेना. मग एके दिवशी, मी समोर असताना, तो आईला म्हणाला, "त्याला सांग, मला पाद्रीबाबांकडे घेऊन चल."

एवढा लांबचा प्रवास आम्ही समोरासमोर बसून न बोलता केला. मनमाडला त्याने दोन चहा सांगितले आणि एक कप माझ्याकडे सरकवला, तेवढंच. गंगापूरच्या पुढे सखाराम गाडी घेऊन आला. तो आता वस्तीत थेट विहिरीपर्यंत गाडी नेत होता. बोलायला उत्सुक होता, पण दादाचा चेहरा पाहून बैलांकडे वळला.

पाद्री विहिरीजवळ उभे होते. केस पांढरे झाले होते. दादा गाडीतून कसाबसा उतरला आणि दोघं एकमेकांना बघत राहिले. पाद्रींनी हात पुढे केला नाही. त्यांनी उभ्याउभ्याच सांगायला सुरुवात केली, मला सांगितलं होतं तसंच. रविवारची संध्याकाळ, पेद्रूचे तळवे, दोन रात्री मध्ये गेल्या हा अंदाज, आणि दादाचं नाव. काही वगळलं नाही. मी मात्र तेव्हा जमिनीकडे बघत होतो, कारण त्या गोष्टीतला माझा वाटा दादाला आधीच माहीत होता आणि पाद्री आताही त्याबद्दल बोलले नाहीत.

पाद्रींचं संपलं. वाडीतली माणसं अंतर ठेवून उभी होती. दादाने काठी विहिरीच्या कठड्याला टेकवली.

"पेद्रू वाचला?" त्याने विचारलं.

"वाचला. मुंबईत लेकीकडे आहे. जरा लंगडतो. तिथल्या चर्चमध्येही घंटा त्यालाच वाजवायची असते म्हणे, लोक वैतागले आहेत."

"मग बरं झालं," दादा म्हणाला.

तो सावकाश कठड्यावर बसला, दुखणारे गुडघे दोन्ही हातांनी नीट करून. पाद्रीही शेजारी बसले. मार्थाबाई तांब्या घेऊन आल्या, या वेळी काठोकाठ भरलेला. दादा प्यायला, पाद्रींना दिला, आणि मग दोन महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडे वळला.

"तू उभा का?" तो म्हणाला. "बस."